एका मुक्या अक्षराचं आडनाव

१८७२ च्या जानेवारीत लाइपझिगमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध झालं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'संगीताच्या आत्म्यातून शोकांतिकेचा जन्म' असा. शीर्षकपानावर शृंखला तोडलेल्या प्रोमिथियसचं लहानसं चित्र, लेखकाचं नाव आणि हुद्दा, तळाशी गाव, प्रकाशक आणि साल. लेखक सत्तावीस वर्षांचा, बाझेल विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचा प्राध्यापक. त्या पुस्तकानं विद्वानांत केवढं वादळ उठवलं ते सांगायची ही जागा नव्हे. मला त्या पानावरची फक्त दोन आडनावं वाचायची आहेत.

वर फ्रीडरिश नीत्शे, खाली ई. डब्ल्यू. फ्रित्झ्श. रोमन लिपीत ही दोन नावं एकाखाली एक लिहून पाहा. दोन्हींत टी, झेड, एस, सी, एच अशी पाच व्यंजनं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. शिवाय प्रकाशकाचं आडनाव हे 'फ्रीडरिश' या नावाचंच लाडकं रूप, आणि फ्रीडरिश हे तर लेखकाचं पाळण्यातलं नाव. घरी त्याला 'फ्रित्झ'च म्हणत. म्हणजे लेखकाच्या घरच्या नावाला सॅक्सनीची शेपटी जोडली की प्रकाशक तयार! हे कुणी जुळवून आणलेलं नाही. त्या मुलखात अशी नावं पिकतातच.

आधी मोजणी करू. एन, आय, ई, टी, झेड, एस, सी, एच, ई. नऊ अक्षरं. आता कान लावा: न, दीर्घ ई, च, आणि शेवटी ओठांतून निसटल्यासारखा पुसट अ. नऊ अक्षरांत ध्वनी चार. जर्मन माणूस हे नाव बोलण्याच्या ओघात घेतो तेव्हा ते 'नीच'च्या इतकं जवळ जातं की मराठी कान दचकतो. 'नीत्स-श' असा सुटासुटा उच्चारही जर्मन शब्दकोश मान्य करतात, आणि आपल्याकडे रूढ झालेलं 'नीत्शे' त्याच्याच वळणावर गेलेलं आहे. ते थोडं पुस्तकी आहे खरं. पण पाप-पुण्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसाला मराठीत 'नीच' अशी हाक मारायची टाळली, हा आपल्या जुन्या लेखकांचा सभ्यपणाच म्हणायचा. एका ग्रंथालयात मला त्याची पुस्तकं नीत्शे, नित्शे आणि निट्झे अशा तीन नावांच्या कार्डांवर, तीन वेगळ्या खणांत सापडली होती. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, त्या कारकुनानं नकळत सॅक्सनीतल्या चर्चच्या नोंदवहीचीच रीत पाळली होती. त्या वहीकडे येतोच.

एका 'च'साठी पाच अक्षरं, हा प्रकार सावकाश चाखण्यासारखा आहे. स्लाव्ह भाषांना 'च' पावलोपावली लागतो. चेक लोकांनी 'सी'च्या डोक्यावर एक इवलीशी खूण ठेवून काम भागवलं. त्या सोयीचं श्रेय परंपरा यान हुसला देते. पोलिश लोक सी आणि झेड जोडतात, म्हणजे दोन अक्षरं. जर्मनला टी, एस, सी, एच अशी चार लागतात. आणि सॅक्सनीचा जुना लेखनिक त्यांच्यामध्ये झेड सरकवून पाच करतो. याला नुसती हौस समजू नका. जर्मन लेखनात टी-झेड म्हणजे आपल्या 'चोर', 'चाक'मधला दातांशी घासणारा च, आणि एस-सी-एच म्हणजे श. त्या पाच अक्षरांत 'चाक'मधला च आणि त्याच्या पाठीला पाठ लावून श असे दोघं एकमेकांना रेटत उभे आहेत. जीभ त्यांच्यात तडजोड करते आणि 'चंद्र'मधला च बाहेर पडतो. मराठीनं हे दोन्ही च एकाच अक्षरात ठेवले आहेत. 'चार माणसं' आणि 'गुरांचा चारा' यांतल्या 'चा'मधला फरक आपण कधीच लिहीत नाही, फक्त बोलतो. सॅक्सनीच्या लेखनिकानं नेमकं उलटं केलं: जो फरक जिभेवर मिटून गेला होता तो त्यानं कागदावर राखला. पाच अक्षरांचा हा खर्च मला मुळीच उधळपट्टी वाटत नाही.

हाच गुच्छ नकाशावरही भेटतो. लाइपझिगच्या उत्तरेला डेलिच नावाचं गाव आहे, खुद्द लाइपझिगमध्ये लॉइच नावाचा भाग, ड्रेस्डेनमध्ये क्लोचे. तिन्ही याच पाच अक्षरांनी लिहितात. झाले आणि एल्ब या नद्यांच्या आसपासचा हा मुलूख आधी सॉर्ब या स्लाव्ह लोकांचा होता. दहाव्या शतकात तिथे जर्मन सत्ता आली, बाराव्या शतकापासून जर्मन शेतकऱ्यांची वस्ती वाढली. पूर्वेच्या लाउझित्स भागात सॉर्ब भाषा आजही बोलली जाते. दोन भाषा शतकानुशतकं एकाच वेशीत नांदल्या की काय होतं, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. इथे जर्मन आयांनी शेजारणीच्या तोंडून मुलांना लाडानं हाक मारायचा प्रत्यय उचलला.

त्या हाकेतलं मूळ नाव निकोलाउस. मायरा गावचा बिशप, सांताक्लॉजचा मूळपुरुष, व्यापाऱ्यांचा आणि खलाशांचा पाठीराखा. १०८७ मध्ये त्याच्या अस्थी इटलीतल्या बारीला नेल्या गेल्या, आणि पश्चिम युरोपात त्याची भक्ती जोरात वाढली. १९८९ मधल्या सोमवारच्या प्रार्थनासभांमुळे जगाला माहीत झालेलं लाइपझिगचं चर्च त्याच्याच नावाचं. इतक्या मुलांना हे नाव ठेवलं गेलं की शेवटी त्याचे तुकडे पडले. कुणी मागचा तुकडा ठेवला: क्लाउस, क्लास, क्लोझे. कुणी पुढचा: निकेल, निकिश, नित्झ.

आता कात्री कुठे लागली ते पाहा. ग्रीकमध्ये 'निके' म्हणजे विजय आणि 'लाओस' म्हणजे लोक. नीत्शे या आडनावात 'लाओस'चा मागमूसही नाही. 'निके'मधला 'क'सुद्धा गेला. उरलं नुसतं 'नि'. पुढची अक्षरं मी अशी वाचतो: 'नि'ला आधी जर्मन पद्धतीचा लाडाचा झेड लागला, जसा फ्रीडरिशचा फ्रित्झ, हाइनरिशचा हाइन्झ, कोनराडचा कुन्झ. आणि त्यावर स्लाव्ह वळणाचा 'शे'. सोन्याचं सोनुलं आणि सोनुल्याचं सोनुकलं करावं, तसा हा दुहेरी लाड. 'ख्रिस्तविरोधी' नावाचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या आडनावात एक बिशप दडून बसलाय, हा विनोद कुणालाही दिसेल. मला त्याहून आवडतो तो कात्रीचा नेम. ज्यानं जन्मभर कळपाचा तिटकारा केला, त्याच्या आडनावातून 'लोक' तेवढे नेमके छाटलेले आहेत, आणि ते छाटले कुणा तत्त्वज्ञानं नाही, तर मुलाला जेवायला हाक मारणाऱ्या कुणा आईनं.

स्वतः नीत्शेला असल्या घरगुती व्युत्पत्तीत रस नव्हता. आपण मूळचे पोलिश सरदार, खरं आडनाव 'नीत्स्की', धर्मासाठी पूर्वजांनी देश सोडला, अशी एक कहाणी घराण्यात होती. ती तो हौसेनं सांगे. परदेशात लोक आपल्याला पोलिश समजतात याचा त्याला अभिमान होता. १८८८ मध्ये लिहिलेल्या 'एक्के होमो' या आत्मपर पुस्तकातही त्यानं आपली पोलिश कुलीनता मिरवली आहे. पुढे वायमारचं नीत्शे-दफ्तर सांभाळणाऱ्या माक्स ओएलर या त्याच्याच नातलगानं पूर्वजांची यादी पिढ्यांमागून पिढ्या मागे नेली. सरदार कुणी सापडला नाही. सगळी नावं जर्मन निघाली. तरी कहाणी रचणाऱ्याचा कान अगदीच खोटा नव्हता. त्या 'शे'ला पूर्वेचा वास आहेच. पण शेजारून उसना आणलेल्या प्रत्ययावरून कुळी ठरत नाही. साक्ष हवी तर पुन्हा शीर्षकपानाच्या तळाशी जा. फ्रीडरिश हे पक्कं जर्मन नाव, आणि त्यालाही तीच शेपटी. ज्या कोड्याचं उत्तर नीत्शे पोलंडमध्ये शोधत होता, ते त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं.

मग हे आडनाव दुर्मीळ कशानं? निकोलाउसची पैदास अफाट. 'शे' प्रत्यय सॅक्सनीत जागोजाग. पाच अक्षरांचा च गावांच्या पाट्यांवरसुद्धा. दुर्मीळ आहे तो 'आय'नंतर येणारा 'ई'. तो स्वतः बोलत नाही. आधीच्या इकाराला लांबवतो, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे पहिली वेलांटी की दुसरी, तेवढाच फरक. तो ई काढला की झालं नित्झ्शे, जे सॅक्सनीत भरपूर. झेडही काढला की नित्शे, ते त्याहून दूरवर पसरलेलं. शेवटचा ई गाळला की नित्श. मागे 'के' लावला की पूर्वेकडचं नित्श्के. ही सगळी भावंडं पोटापाण्याला लागलेली, संख्येनं सुखवस्तू. झेडचा गुच्छ राखून शिवाय दीर्घ ई बाळगणारं रूप मात्र विरळा. मराठी शाळेत वेलांटी चुकली तर अर्धा गुण जातो. तिथे तेवढ्यावर घराणं वेगळं झालं. ('नी' या शब्दाचा जर्मनमध्ये 'कधीच नाही' असा अर्थ होतो, आणि त्यावरून नीत्शेच्या नकारघंटेबद्दल कोट्या करणारे भेटतात. कोटी म्हणून चालेल, व्युत्पत्ती म्हणून तिची किंमत शून्य.)

हा मुका ई टिकला कसा? जर्मनीत आडनावाचं लेखन सरकारी शिक्क्यानं पक्कं झालं ते फार उशिरा. सरकारी नोंदणी कचेऱ्या साऱ्या साम्राज्यात १८७६ पासून आल्या. तोवर जन्म, लग्न आणि मृत्यू यांची वही चर्चमध्ये, आणि लेखणी पाद्र्याच्या हातात. पाद्री कानाला पडे तसं लिही. बारशाला एक रूप, लग्नाला दुसरं, थडग्यावर तिसरं, हे सर्रास चाले. माझ्या त्या ग्रंथालयातल्या तीन कार्डांसारखंच. नीत्शेच्या घराण्यात मात्र लेखणीच घरची होती. आजोबा आइलेनबुर्गला वरिष्ठ धर्माधिकारी, वडील कार्ल लुडविग रॉकेन या खेड्याचे पाद्री. १५ ऑक्टोबर १८४४ रोजी, प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म याच्या वाढदिवशी, मुलगा झाला. त्याला राजाचं नाव ठेवलं आणि बाप्तिस्मा वडिलांनी स्वतः दिला. गावाची नावं ज्या टेबलावर लिहिली जात, त्या टेबलावर आपल्याच आडनावातलं न वाजणारं अक्षर सांडू दिलं जाणार नाही, असा माझा तर्क आहे. पुरोहिताच्या घरात अनुस्वार सुद्धा इकडचा तिकडे होत नाही, तसं.

आज त्या ईची काय स्थिती आहे हे पाहायचं तर आणखी एका ग्रंथाची ओळख करून घ्यावी लागते, आणि तो ग्रंथही रसिकतेनं वाचावा असाच आहे. जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह, सात खंडांचा, २००९ ते २०१८ या काळात निघालेला. संपादक कोनराड कुन्झे आणि दामारिस न्युब्लिंग. कोनराडचा कुन्झ होतो हे वर आलंच आहे. म्हणजे या संपादकाचं नाव 'कोनराड कोनराड'. आडनावांचा अभ्यास करायला याहून योग्य माणूस कुठून आणायचा! कच्चा माल म्हणून त्यांनी २००५ सालच्या, डॉइचे टेलिकॉमच्या घरगुती टेलिफोन जोडण्या घेतल्या. सुमारे २ कोटी ८० लाख. लोकसंख्या तेव्हा सव्वाआठ कोटींच्या आसपास, म्हणजे एका जोडणीमागे ढोबळमानानं तीन माणसं धरायची. वेळ तर अशी साधली, की त्यानंतर मोबाइलमुळे घरोघरचे फोन उठायला लागले.

पण खरं कौतुक खंडांच्या क्रमाचं. साधा आडनावकोश अर्थ सांगून मोकळा होतो: हा लोहार, तो सुतार. या संग्रहाचा पहिला खंड नुसत्या स्वरांचा आणि दुसरा व्यंजनांचा आहे. धंदे आणि टोपणनावं पाचव्या खंडापर्यंत ताटकळतात. संपादक आधी विचारतात, टी की टी-झेड, आय की आय-ई, आणि प्रत्येक उत्तर नकाशावर मांडतात. अक्षर भूगोल बोलतं हे त्यांनी खंडामागून खंड सिद्ध केलं आहे. आता न्युब्लिंग यांच्याच देखरेखीखाली माइन्झच्या अकादमीत २०१२ पासून डिजिटल आडनावकोशाचं काम चालू आहे, एकेका नावाची संख्या, नकाशा आणि अर्थ देणारं.

अशा नकाशांवर झेडवालं नित्झ्शे सॅक्सनीत दाटून बसलेलं दिसतं, बाकी जर्मनीत नुसते शिंतोडे. नित्श्के आणि त्याची सायलेशियाकडची भावंडं मात्र देशभर विखुरलेली. १९४५ नंतर सायलेशिया पोलंडकडे गेला, तिथल्या लाखो जर्मनांना घरदार सोडावं लागलं, आणि जिथे आसरा मिळाला तिथे ती कुटुंबं रुजली. सॅक्सनी जागच्या जागी राहिली, म्हणून तिचे ठिपके घट्ट. एका झेडच्या असण्या-नसण्यात एक युद्धोत्तर स्थलांतर वाचता येतं, हे या नकाशांचं सगळ्यात हळवं काम आहे, आणि ते एकाही विशेषणाशिवाय केलेलं आहे.

जर्मनीत निरनिराळी आडनावं साडेआठ लाखांच्या घरात. माथ्यावर म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर. म्हणजे गिरणीवाला, लोहार, शिंपी आणि कोळी. नीत्शे पार खाली, विरळ नावांच्या अफाट गर्दीत. जगभरच्या ग्रंथालयांत ज्याचे कप्पेच्या कप्पे भरलेत ते नाव जर्मनीतल्या घराच्या दारावर क्वचितच भेटतं. विरळ नावाला तिथला कायदाही फारसा सांभाळत नसे. १९७६ पर्यंत लग्नानंतर नवऱ्याचंच आडनाव कुटुंबाचं होई. मुलीच झाल्या की नाव संपलं. बायकोचं नाव कुटुंबाला घेण्याची मुभा तेव्हा मिळाली, आणि दोघांनी आपापलं राखण्याची १९९४ मध्ये. लहर लागली म्हणून आडनाव बदलता येत नाही, सबळ कारण लागतं. पण लिहिता-बोलताना फारच अडचण होते, हे कारण मानलं जाऊ शकतं. नऊ अक्षरांत चार ध्वनी असलेल्या आडनावाला हा धोका कायमचा. त्यात जर्मन व्याकरणाची थट्टा वेगळीच: व्यक्तिनामावरून विशेषण करायचं तर मागे एस-सी-एच लावतात आणि त्यापुढे प्रत्ययाचा ई. त्यामुळे 'नीत्शेचं तत्त्वज्ञान' म्हणताना 'नीत्शेशे' असा शब्द तयार होतो, तेरा अक्षरांचा, आणि त्यात आईच्या लाडाच्या प्रत्ययाला व्याकरणाचा प्रत्यय जुळ्या भावासारखा चिकटतो.

रॉकेनच्या पाद्र्याच्या घरापुरतं म्हणाल तर हिशेब केव्हाच पुरा झाला. धाकटा जोसेफ १८५० मध्ये, दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा गेला. फ्रीडरिश अविवाहित राहिला. बहीण एलिझाबेथ लग्नानंतर फर्स्टर झाली होती. भावाची कीर्ती वाढू लागली तशी तिनं जोडरेघ देऊन 'फर्स्टर-नीत्शे' असं लावलं. १९३५ मध्ये ती निपुत्रिक वारली.

आणि ज्याच्यामुळे आपण हे आडनाव वाचत बसलो, त्यानं शुद्ध हरपताना त्याच्याशी काय केलं तेही पाहून ठेवा. १८८८ च्या अखेरीला त्यानं तूरिनहून नाटककार स्ट्रिंडबर्गला पाठवलेल्या चिठ्ठीखाली 'नीत्शे सीझर' अशी सही केली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत कुणाला 'डायोनिसस' म्हणून लिहिलं, कुणाला 'क्रुसावर दिलेला' म्हणून. मग बाझेलमधला जुना सहकारी, इतिहासकार याकोब बुर्कहार्ट याला लांबलचक पत्र; त्यात इतिहासातलं प्रत्येक नाव म्हणजे आपणच, अशा आशयाचा मजकूर आहे. पत्रावर तारीख ६ जानेवारी १८८९. खाली सही: नीत्शे.